कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये करिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. सिव्हिलचा डिप्लोमा करून २००६ साली पुण्यात सुपरवायझर म्हणून लागलो. आता निवासी संकुलांच्या कामांवर प्रोजेक्ट मॅनेजर आहे. दिवाळीला गावी गेलो की कुणाचा ना कुणाचा मुलगा किंवा मुलगी घेऊन पालक घरी येतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून ते एकदाचे लिहून काढले. उत्तरं बहुतेक पुण्या-मुंबईकडच्या इमारतींच्या कामांतून आलेली आहेत. धरण, बोगदा, बंदर यांची दुनिया वेगळी, तिथल्या माणसांना वेगळं विचारा.

कन्स्ट्रक्शन मॅनेजर नेमकं करतो काय?

उद्या काम कशामुळे अडणार आहे ते आज शोधतो. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

माझ्या हाताखाली झालेल्या पहिल्या स्लॅबची गोष्ट सांगतो. शनिवारी रात्री अकरापर्यंत थांबून लोखंड तपासलं, कव्हर ब्लॉक पाहिले, इलेक्ट्रिशियनच्या पाइपा मोजल्या. रविवारी सकाळी सातला नारळ फुटला, काँक्रीटची पहिली गाडी लागली. दहाच्या सुमारास व्हायब्रेटरची नीडल गेली. जादा नीडल होती, पण ती स्टोअरमध्ये. स्टोअरला कुलूप, आणि किल्ली स्टोअर कीपरच्या खिशातून सुट्टीला बारामतीला गेलेली. कुलूप तोडून नीडल हातात येईपर्यंत पाऊण तास गेला. तोवर एका बीममध्ये नुसतं सळईनं ठोकून काँक्रीट बसवलं. साचा निघाल्यावर त्या बीमच्या बुडाला खडी उघडी पडलेली, मधाच्या पोळ्यासारखी. ड्रॉइंग बरोबर होतं, माल बरोबर होता, माणसं तर उत्तमच होती.

तेव्हापासून स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मी आधी किल्ल्या विचारतो, मग जनरेटरचं डिझेल, मग लोखंडाकडे वळतो.

दहावीनंतर डिप्लोमा की बारावीनंतर डिग्री?

दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा रस्ता मला सगळ्यात आवडतो. पॉलिटेक्निकमध्ये हात घाण होतात. सर्व्हे, ड्रॉइंग, एस्टिमेट हे विषय लवकर अंगवळणी पडतात आणि फीही तुलनेनं झेपते.

पण डिप्लोमावर थांबू नका. मी थांबलो आणि त्याची किंमत दोनदा मोजली. सरकारी आणि पायाभूत सुविधांच्या मोठ्या निविदांमध्ये प्रोजेक्ट मॅनेजरची पात्रता लिहिलेली असते. तिथे ‘बी.ई. सिव्हिल’ असा रकाना असला की माझी सगळी वर्षं त्या रकान्यात मावत नाहीत. काम येतं की नाही हा प्रश्नच तिथे कुणी विचारत नाही.

डिग्री झाल्या झाल्या निकमार किंवा एम.टेक. करावं का?

पुण्यातल्या बालेवाडीची निकमार ही संस्था १९८३ पासून याच विषयात आहे. पुण्याच्या सीओईपी आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआय या कॉलेजांमध्येही कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये एम.टेक. करता येतं. या ठिकाणांहून आलेल्या मुलांना मोठ्या कंपन्यांचं दार लवकर उघडतं हे खरं.

तरी माझं मत असं की आधी दोन वर्षं साइट करा. वर्गात ‘क्रिटिकल पाथ’ (ज्या कामांच्या साखळीवर अख्ख्या कामाची मुदत ठरते) शिकवतात तेव्हा ज्यानं लिफ्टच्या खड्ड्याच्या वॉटरप्रूफिंगपायी अख्खा टॉवर थांबलेला पाहिलाय, त्याला तो शब्द कळतो. ज्यानं पाहिलेलं नाही तो फक्त गणित सोडवतो. घरची परिस्थिती अशी असेल की एकदा नोकरी धरली की पुन्हा शिकणं होणार नाही, तर मात्र लगेच करून टाका.

पहिले सहा महिने काय शिकू?

मोजायला शिका. मी नव्या मुलांना दुसरं काहीच सांगत नाही.

सळईचं वजन तोंडपाठ हवं. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८८ किलो आणि १२ मीटरची अख्खी सळई १०.६६ किलो. नुसतं सूत्र म्हणून हे बिनकामाचं वाटतं. आता असं बघा: लोखंड आपण काट्यावर तोलून घेतो, पण कामात लागलेलं लोखंड ड्रॉइंगवरून या सूत्रानं काढतो. १२ मिलिमीटरच्या सळईला आयएस १७८६ (लोखंडाचं भारतीय मानक) वजनात ५ टक्के कमी-जास्त चालवून घेतं. गिरणीतून आलेला माल ३ टक्के जड निघाला तर ५०० टनांवर १५ टन लोखंड कुठेच ‘दिसत’ नाही. महिनाअखेरीला मेळ लागेना की पहिला संशय स्टोअर कीपरवर जातो. बिचाऱ्यानं काही केलेलं नसतं. म्हणून प्रत्येक गाडीतून दोन-चार तुकडे कापून तोलायचे आणि लिहून ठेवायचे.

काँक्रीटचंही तसंच. ६० घनमीटरचा स्लॅब म्हणजे ६ घनमीटरच्या १० गाड्या. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे ५० घनमीटरपर्यंत चार सॅम्पल आणि त्यापुढच्या प्रत्येक ५० ला, अर्धवट असले तरी, आणखी एक. म्हणजे इथे पाच सॅम्पल, प्रत्येकी तीन, असे २८ दिवसांनी फोडून बघायचे १५ क्यूब, म्हणजे चाचणीचे ठोकळे. सात दिवसांचे वेगळे. हे गणित आदल्या दिवशी केलं नाही तर ऐनवेळी साचे कमी पडतात आणि मग कुणीतरी दुपारच्या गाडीतून सगळे क्यूब एकदम भरून मोकळा होतो. सॅम्पल वेगवेगळ्या गाड्यांतून का घ्यायचं, याचा अर्थच त्यात बुडाला. एम२५ चा १५० मिलिमीटरचा क्यूब पूर्ण ताकदीला ५६२.५ किलोन्यूटनला फुटायला हवा, हा आकडा डोक्यात असला की लॅबवाला तुम्हाला गृहीत धरत नाही.

स्लॅब-बीमचा साचा कधी काढायचा यावरून भांडण ठरलेलं. कंत्राटदाराला प्लेटा वरच्या मजल्यावर हव्या असतात. साध्या सिमेंटला आयएस ४५६ म्हणतं की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्यापुढचे चौदा. बीमचे सहा मीटरपर्यंत चौदा, त्यापुढे एकवीस. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फ्लाय ॲश मिसळलेलं पीपीसी सिमेंट असतं, ते आणखी वेळ मागतं. हे आकडे पाठ असलेला पोरगा मुकादमाशी आवाज न चढवता बोलू शकतो.

आणि ब्रास शिका. कॉलेजात घनमीटर, पण वाळू-खडीवाला, मुरुमवाला, पाडकामवाला ब्रासमध्येच बोलणार. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर. डंपरच्या हौद्याची लांबी, रुंदी, उंची स्वतः टेप लावून घ्या. पहिल्या दिवशी ड्रायव्हर हसतो, दुसऱ्या दिवशी हौदा भरून आणतो.

मजुरांशी, मुकादमाशी कसं वागायचं? मला नीट हिंदीही येत नाही.

हिंदी महिन्याभरात येते, चिंता नको. आपल्या साइटवर बिहार-झारखंडचे फिटर, बंगालचे सुतार, मराठवाड्यातले आणि कर्नाटकातले बिगारी, राजस्थानचे फरशीवाले अशी सगळी जत्रा असते. साइटची म्हणून एक स्वतंत्र हिंदी आहे आणि व्याकरणाची चूक कुणी काढत नाही.

पन्नाशीच्या गवंड्याला ‘ए’ म्हणून हाक मारू नका. मामा, चाचा, मिस्त्री, काहीही म्हणा, पण मान ठेवून. मला कॉलम ओळंब्यात आहे का हे बघायला एका मिस्त्रीनं शिकवलं: दोरी वरून एक इंच लांब धरायची, गोळा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखायचा, आणि मग वरचं अंतर न बघता खालचं मोजायचं. वरचं बघितलं की मन आकडा जुळवून घेतं, असं त्यांचं म्हणणं. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

दुसरं म्हणजे माणसं कधी गावी जातात याचं कॅलेंडर ठेवा. होळी, छठ, ईद, निवडणुका, गावाकडची कापणी. तुमच्या बार चार्टमध्ये नोव्हेंबरात तीन स्लॅब दाखवलेले असतील आणि छठला निम्मे सुतार गेले असतील, तर तो चार्ट भिंतीला शोभेपुरता. पावसाळ्याचंही तसंच. पुण्यात खोदाई करताना चार फुटांखाली काळा पाषाण लागला की ब्रेकरचे दिवस वाढतात. बेसमेंट जूनच्या आत वर काढायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच माती हलली पाहिजे.

एक्झिक्युशन, प्लॅनिंग, बिलिंग, क्वालिटी यांतलं काय निवडू?

सुरुवात एक्झिक्युशनमध्येच करा. त्यानंतर मात्र वर्षभर तरी बिलिंगमध्ये बसा, हा माझा आग्रह. साइट इंजिनिअर बिलिंगला ‘टेबलावरचं काम’ म्हणून नाक मुरडतात. पण वर कोण जातो ते पाहा: ज्याला करार वाचता येतो तो. कामाच्या यादीत नसलेलं काम कधी ‘एक्स्ट्रा आयटम’ होतं, उशीर कुणाच्या माथी मारायचा, रिटेन्शन (बिलातून राखून ठेवायची रक्कम) किती कापायचं, मुदतवाढ मागताना पुरावा काय लागतो, हे सगळं तिथे कळतं. साइटवर ‘हिंड्रन्स रजिस्टर’ नावाची एक वही असते. ड्रॉइंग उशिरा आलं, जागा मोकळी मिळाली नाही, पाणी आलं नाही, हे त्या त्या दिवशी तारखेसह त्यात लिहायचं असतं. वर्षानं वाद झाला की कोटींचा निकाल या दोनशे पानी वहीवर लागतो. बहुतेक साइटवर ती कोरी असते.

प्लॅनिंगला डोकं लागतं आणि साइटवर रोज एक फेरी. फेरी मारली नाही की प्लॅनिंगवाला कल्पित लेखन करू लागतो.

क्वालिटीला पूर्वी फारसं वजन नव्हतं. रेरा कायदा २०१७ पासून पूर्ण लागू झाला आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरनं तो स्वखर्चानं दुरुस्त करायचा हे ठरलं. शिवाय ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, आणि त्यातून रक्कम काढायची तर इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीएचे दाखले. म्हणून आता कुठल्या तारखेला कुठला माल कुठल्या मजल्याला गेला याच्या नोंदींना किंमत आली आहे.

सॉफ्टवेअर कुठलं शिकू?

आधी एक्सेल, अगदी खोलवर. मग ऑटोकॅड इतपत की ड्रॉइंग उघडून माप काढता येईल. प्लॅनिंगकडे जायचं असेल तर एमएस प्रोजेक्ट, मेट्रो-महामार्गासारख्या कामांसाठी प्रायमावेरा. बिम (इमारतीचं संगणकावरचं त्रिमितीय मॉडेल) आणि त्यासाठीचं रेव्हिट येणाऱ्याला मोठ्या कामांवर मागणी आहे. तीन महिन्यांत सगळं शिकवून नोकरीची हमी देणारे क्लास असतात, त्यांच्या फीचे पैसे मी तरी देणार नाही.

पगार किती मिळतो?

२००६ मध्ये माझा साडेचार हजार होता आणि राहायला साइटवरची पत्र्याची खोली. आजचा आकडा शहर, कंपनी आणि बाजाराची तेजी-मंदी यावर हलतो. म्हणून आकड्यापेक्षा काय विचारायचं ते सांगतो: पीएफ कापून सांगितलेला आकडा आहे का, खोली आणि मेस कुणाची, महिन्याला सुट्ट्या किती, आणि आधीच्या माणसाचा पगार दर महिन्याला वेळेवर झाला का. शेवटचं एचआरला विचारू नका, साइटवरच्या चहावाल्याला विचारा.

पहिली तीन-चार वर्षं वाढ संथ असते. उडी पडते ती जबाबदारी बदलली की: एका मजल्याऐवजी टॉवर, टॉवरऐवजी अख्खं काम.

बिल्डर, कंत्राटदार की पीएमसी?

काम शिकायचं तर कंत्राटदाराकडे. घाम जास्त, शिक्षणही जास्त. बिल्डरकडे मंजुऱ्या, विक्री, ग्राहकांच्या तक्रारी हे सगळं दिसतं. पीएमसीत म्हणजे सल्लागाराच्या बाजूनं काम करताना बोट दाखवायची सवय लागते. ती पहिल्याच नोकरीत लागू नये एवढंच.

रस्ते-मेट्रोचा मार्गही खुला आहे. इमारत एका जागी वर चढते, रस्ता आडवा पसरतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग १६ पॅकेजांत वाटून बांधला गेला. अशा कामात माती कुठून कुठे हलवायची आणि कुठल्या गटाचा ताबा मिळालेला नाही, हेच रोजचं मॅनेजमेंट.

मुलींनी साइटवर यावं का?

यावं, आणि यायला लागल्याही आहेत. अडचण कामाची नसते. अडचण स्वच्छतागृहाची, रात्रीच्या स्लॅबनंतर घरी सोडायच्या गाडीची, आणि ‘मॅडम, तुम्ही ऑफिसात बसा’ म्हणणाऱ्या वरिष्ठाची असते. पहिल्या दोन गोष्टी ऑफर स्वीकारायच्या आधी स्पष्ट विचारून घ्या, लाजू नका. तिसऱ्याला बळी पडून पहिल्याच वर्षी टेबलावर गेलात तर पुढे प्रोजेक्ट मॅनेजर निवडताना ‘साइटचा अनुभव नाही’ हेच कारण तुमच्यापुढे ठेवलं जातं. माझ्या आत्ताच्या कामावर फिनिशिंगची सगळी जबाबदारी एका मुलीकडे आहे, आणि फरशीवाले माझ्यापेक्षा तिला जास्त टरकून असतात.

सेफ्टी ऑफिसर असतो, मग मी सेफ्टीकडे का बघायचं?

कारण अपघात झाला की तिथे तुमचा माणूस असतो. दीड मीटरपेक्षा खोल चराला बाजूंनी आधार किंवा उतार हवा. बहुतेक वेळा ‘अर्ध्या तासाचं तर काम आहे’ म्हणून माणूस तसाच आत उतरतो. लिफ्टच्या डक्टला लावलेली फळी माल चढवायला कुणीतरी काढतो आणि परत लावत नाही. हेल्मेटचे फोटो काढण्यापेक्षा संध्याकाळी सहाला एकदा सगळे डक्ट फिरून बघा.

खोटी सही मारायला सांगितली तर?

सांगतात. एका जुन्या कामावर मला २८ दिवसांचे क्यूब रिपोर्ट विसाव्या दिवशीच फाइलला लावायला सांगितले होते, पुढची तारीख टाकून. ‘मी नकार दिला’ असं लिहायला आवडलं असतं. पहिल्या वेळी मी लावले. वय तेवीस, लग्न ठरलेलं, नोकरी नवी. आठ दिवस झोप आली नाही. प्रत्यक्ष क्यूब पास झाले तेव्हा सुटलो, पण ते नशीब होतं.

दुसऱ्या वेळी मी एक ईमेल टाकला: ‘अमुक मजल्याचे रिपोर्ट अमुक तारखेला मिळतील, तेव्हा जोडतो.’ भांडण नाही, आरोप नाही. कागदावर आलेली गोष्ट कुणी पुन्हा तोंडी मागितली नाही. तरीही मागितलीच, तर दुसरी नोकरी शोधा. सही तुमची असते, आणि सांगणारा तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

सरकारी नोकरी बरी नाही का?

ज्याला स्थैर्य हवं त्याला बरीच. बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषदेत कनिष्ठ अभियंता, वर एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा. तिथेही सगळं मोजमाप पुस्तिकेभोवती फिरतं: कनिष्ठ अभियंत्यानं लिहायचं, उपअभियंत्यानं तपासायचं, मग बिल. फक्त तयारीच्या नावाखाली चार-पाच वर्षं पुण्यात खोली घेऊन बसू नका. दोन प्रयत्नांनंतर नोकरी धरा आणि अभ्यास चालू ठेवा.

गल्फमध्ये जावं का?

पाच-सहा वर्षांच्या अनुभवानंतर जा. नवख्याला तिथे वाव कमी. पदवीची प्रमाणपत्रं साक्षांकित करायला वेळ लागतो, ते आधीच सुरू करा. सौदीत इंजिनिअर्स कौन्सिलची आणि कतारमध्ये यूपीडीएची नोंदणी लागते. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद, म्हणजे आपल्या पावसाळ्यासारखं त्यांचं ऊन. तिथे कागदाला काटेकोर किंमत आहे. इथे हिंड्रन्स रजिस्टर लिहायची सवय लागलेला माणूस तिथे चटकन रुळतो. पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या परीक्षेचं नावही तिकडेच जास्त चालतं. तीस पस्तिशीच्या आत, अनुभव गाठीशी आल्यावर द्या.

स्वतःचं कॉन्ट्रॅक्टिंग कधी सुरू करू?

काम येतं म्हणून करू नका, पैशाचं चक्र झेपतं का ते बघून करा. मजुरी दर शनिवारी द्यावी लागते. गावी जायच्या आधी मुकादमाला उचल लागते, ती वेगळी. बिल मात्र महिनाअखेरीला जातं, तपासून, कापून, सही होऊन पैसे यायला आणखी दोन-तीन आठवडे. म्हणजे सहा आठवड्यांची मजुरी तुमच्या खिशातून. आठवड्याला दीड लाख धरले तर नऊ लाख हाताशी हवेत, आणि ते बायकोच्या दागिन्यांवर काढलेले नकोत. त्यात दर बिलातून ५ टक्के रिटेन्शन कापलं जात असेल तर काम संपून दोषदुरुस्तीची मुदत उलटेपर्यंत ते परत येत नाही. बऱ्याच छोट्या कंत्राटदारांचा सगळा नफा त्या ५ टक्क्यांतच असतो. सुरुवात करायचीच तर प्लास्टर किंवा ब्लॉकच्या कामानं करा, लेबर रेटवर, माल मालकाचा. आणि पहिलं बिल भरताना मापं स्वतः घ्या, खिडक्यांची वजावट धरून.